दादर क्यां छे?

चंचलवर आत्महत्येच्या प्रयत्नाचा आळ आला तो एका स्वराच्या लांबीमुळे. मराठीत गाडी धडकली की अपघात होतो. गुजरातीत 'आपघात' म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःचा जीव घेणे. गाडी धडकते तेव्हा तिथे 'अकस्मात' होतो, आणि मराठीत अकस्मात म्हणजे नुसतेच एकाएकी. या दोन भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतात, एकमेकींकडून विरजण मागून नेतात. पण नेमक्या या शब्दापाशी त्यांच्यात काडीचाही समझोता झालेला नाही. सुरतेच्या मोठ्या सरकारी इस्पितळात चंचल उजवा हात मांडीवर धरून बाकावर बसली होती, आणि तिच्या सासूने, पुष्पाबाईंनी, तरुण गुजराती डॉक्टरला जे घडले होते तेच सांगितले होते.

"अपघात व्हयना, साहेब. मोठा अपघात."

डॉक्टरने चंचलच्या गळ्यातले नवे मंगळसूत्र पाहिले, सुजलेले मनगट पाहिले आणि इस्पितळातल्या पोलिसाला बोलावणे धाडले. पोलीस आला. त्याने खुर्ची ओढली आणि समजुतीच्या स्वरात विचारले, "बहेन, आपघात केम कर्यो?"

चंचल लग्न होऊन सुरतेत आली त्याला फार काळ झाला नव्हता. अपघात का केलास, असे हा विचारतो आहे, एवढे तिला कळले. आणि प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे, असेही वाटले.

"मी नाही केला. दाजींनी केला," ती म्हणाली आणि तिने डाव्या हाताने कोपऱ्याकडे बोट केले. तिथे तिच्या नणंदेचा, वर्षाचा, नवरा भूपेंद्र कपाळाला पट्टी लावून उभा होता.

पोलिसाने भूपेंद्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "आपघात एणे कर्यो, ने हाथ तमारो तूट्यो?"

"हो."

"पण ए तो जीवे छे."

"त्यांना काही झालं नाही," चंचल म्हणाली. "ज्यानं केला त्याला कुठं काय होतं?"

पोलिसाचा चेहरा कठीण झाला. तो चंचलच्या सासऱ्यांकडे, भाईदासांकडे वळला आणि लग्नाला किती वर्षे झाली ते विचारू लागला. भाईदास उधन्यातल्या यंत्रमागांवर जन्म काढलेला माणूस. नवी सून, मोडलेला हात आणि हा प्रश्न या तिन्हींची बेरीज कुठे जाऊन पोचते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. "आपघात नही, साहेब, आपघात नही," एवढेच ते म्हणत राहिले.

"तो शुं थयुं?"

भाईदासांनी जावयाकडे पाहिले. तेव्हा पुष्पाबाई पुढे झाल्या. "दादर पडनी, साहेब. तिना हातवर दादर पडनी."

हेही अक्षरशः खरे होते. खानदेशात दादर म्हणजे रब्बीची टपोरी पांढरी ज्वारी, आणि तिचे भरलेले पोते चंचलच्या हातावर पडले होते. पण गुजरातीत दादर म्हणजे जिना. पोलिसाने सुटकेचा श्वास टाकला, "एम कहो ने, दादर परथी पडी गयां," असे म्हटले आणि तसे लिहून टाकले. चंचलला त्या घाईत काही उमगले नाही. भाईदासांना आणि भूपेंद्रला मात्र गुजराती उत्तम येत होते. दोघांनी ते ऐकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघेही गप्प राहिले.

क्ष-किरणाची खोली वरच्या मजल्यावर होती. पुष्पाबाईंनी समोरून येणाऱ्या परिचारिकेला अडवून विचारले, "बहेन, दादर कई बाजू?" आणि सुनेला धरून त्या बरोबर जिन्यापाशी घेऊन गेल्या.

घडले होते ते असे. नवापूरकडच्या एका साखरपुड्याहून सगळे भूपेंद्रच्या मारुती व्हॅनमधून परतत होते. भूपेंद्र चालवत होता, शेजारी भाईदास, मागे दोघी बायका आणि त्यांच्या मध्ये गावाहून घेतलेले नव्या दादरचे पोते. चंचलचा नवरा चेतन पाळीवर होता, म्हणून आला नव्हता. पलसाण्याजवळ, कापडरंगाईच्या कारखान्यांच्या रांगेत, भूपेंद्रने उसाच्या गाडीला मागे टाकण्यासाठी व्हॅन डावीकडून बाहेर काढली आणि एका फाटकापाशी उभ्या असलेल्या मालट्रकच्या मागच्या कोपऱ्यात घातली. डावीकडच्या काचांचा चुरा झाला. चंचलने तोल सावरायला हात टेकला आणि पोते त्या हातावर आले. समोरच्या पंक्चरच्या दुकानातला श्रीरंग नावाचा परभणीकडचा माणूस धावत आला. त्याने पोते उचलून तिला बाहेर काढले. पोते रिक्षात, तीही रिक्षात. आणि व्हॅन त्याच संध्याकाळी दोराने ओढून उधन्यातल्या ओळखीच्या गॅरेजात. पोलिसांना कोणी कळवले नाही. घरच्याच लोकांची घरचीच गाडी, कळवायचे कोणाला, असा त्यामागचा विचार होता. विचार भूपेंद्रचा होता.

व्हॅनच्या आरशाला त्याच सकाळी ताजे लिंबू आणि मिरच्या बांधल्या होत्या. ते राहत होते त्या डिंडोलीतल्या आळीत यावर दोन मते नव्हती: लिंबू होते म्हणून सगळे वाचले. चंचल धुळ्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेली होती आणि पलसाण्याच्याच एका रंगाई कारखान्याच्या प्रयोगशाळेत छटा जुळवण्याचे काम करीत होती. कोणी मेले नाही तर लिंबाने काम केले. मेले असते तर लिंबू सुकलेले निघाले असते. ज्या प्रयोगाचा निकाल काहीही लागला तरी निष्कर्ष एकच येतो, त्या प्रयोगाला तिच्या प्रयोगशाळेत कोणी रंग वाया घालवू दिला नसता.

प्लास्टर निघाले तेव्हा कळले की हाड वाकडे जुळले आहे. बोटे हलत होती, मूठ वळत होती. पण तळहात वर करता येत नव्हता. मंदिरात पुजारी प्रसाद द्यायला आला की तिला डावा हात पुढे करावा लागे आणि लोक तिच्याकडे बघत. त्याचे तिला फारसे काही नव्हते. पण शोषनळी धरून रंगाचा थेंब मोजायला मनगट फिरावे लागते. डॉक्टर म्हणाले, हाड पुन्हा मोडून आत धातूची पट्टी बसवावी लागेल. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, जागा अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे मनगट फिरले तर नोकरी होती, आणि शस्त्रक्रिया झाली तरच मनगट फिरणार होते. शस्त्रक्रियेला पैसे लागणार होते.

तिने उधन्यात बसणाऱ्या लीला नावाच्या मराठी वकिलीणबाईंचे दार गाठले. लीलाताई नांदेडकडच्या; बोलणे तोडून टाकल्यासारखे.

"गाडी तू चालवत होतीस?"

"नाही. मागं बसले होते."

"मग ताठ बस. गाडीत बसलेल्याची चूक कोणी काढत नाही. चालवणारा जावई असो की राजा असो, दावा त्याच्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर चालतो. कागद दाखव."

चंचलने इस्पितळाचा कागद पुढे केला. लीलाताईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिले. "यात तू जिन्यावरून पडली आहेस."

"आमच्या घराला जिनाच नाही," चंचल म्हणाली.

त्या क्षणी तिला पोलीस, सासू, दादर हे सगळे एकदम उलगडले आणि ती हसली. लीलाताई हसल्या नाहीत. "हसू नंतर. दुखापत झाल्या झाल्या डॉक्टरला कशाने लागलं ते स्वच्छ सांगायचं, आणि काय लिहिलं ते वाचून घ्यायचं. ते राहिलं. गाडी हलवण्याआधी पंचनामा करायचा. तोही राहिला. आता जे उरलंय ते गोळा कर. आणि घरचं कोणी कशावर सही कर म्हणालं, तर पेन हरवलंय म्हण."

नमुना शिळा होण्याआधी उचलावा, हे चंचलला शिकवायची गरज नव्हती. फक्त तिला उशीर झाला होता. अंगावरची साडी पुष्पाबाईंनी त्याच रात्री भिजवून धुऊन टाकली होती. गॅरेजात व्हॅन नव्या काचा आणि नवा रंग लेऊन उभी होती. पत्र्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. रस्त्यावर उसाच्या गाड्यांनी सगळे पुसून टाकले होते. श्रीरंग तेवढा जागेवर होता. "पाहिलं ते सांगतो," तो ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता म्हणाला. "पण बाई, मी पडलो परमुलखातला. एकट्याच्या शब्दावर चौकीतला जमादार किती चालंल, ते तुम्हीच बघा."

ती गॅरेजात येऊन गेल्याचे भूपेंद्रला कळले आणि रविवारी सकाळी तो डिंडोलीला आला. जावई आला म्हणून पुष्पाबाईंनी पाट मांडला, पाणी दिले. भूपेंद्रने पाणी बाजूला ठेवले.

"वहिनी, घरनं घरमा ऱ्हाऊ द्या. मी काय परका शे? हातनं मी पाही लिसू. आपला आळीमा हाडवैद्य शे, तो नुसता फुंकस आनि हाड बठस."

"फुंकून हाडं बसत असती, दाजी, तर भात्यापाशी बसणाऱ्या लोहाराच्या घरात कोणी लंगडं राहिलं नसतं."

चेतन हसला आणि वडिलांकडे पाहून लगेच थांबला. चेतनचे मत नेहमी शेवटच्या बोलणाऱ्याचे असे. त्यामुळे त्याला कोणी वाईट म्हणत नसे.

"लॅबवाल्या वहिनी," भूपेंद्र म्हणाला, "तुमी जावईवर केस कराव का?"

"केस विम्यावर आहे. तुमच्याकडे लायसन आहे ना? मग तुम्हाला कसली भीती?"

भूपेंद्रने भिंतीकडे पाहिले. शिकाऊ परवाना त्याने काढला होता. पक्का काढायचे राहून गेले होते. विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती पुढे त्याच्याच मागे लागणार, हे त्याला कोणीतरी समजावून सांगितले होते. भिंतीकडे बघत असलेल्या माणसाला चंचलने दुसऱ्यांदा विचारले नाही. उत्तर मिळाले होते.

"बराबर," भूपेंद्र उठत म्हणाला. "मंग वर्षाले मी आठे आनीसन सोडस. केस करनारा घरनी पोर माले नको. मामा, तुमीच ठरवा."

तो गेल्यावर भाईदास सुनेकडे न बघता म्हणाले, "एक हात शे. तठे मनी आंडेरना, वर्षाना, संसार शे."

"मामा, वर्षाताईंचा संसार माझ्या हातावर उभा नाही," चंचल म्हणाली. "तो दाजींच्या लायसनवर उभा आहे. मी जिन्यावरून पडले नाही. पडले असते तर पडले म्हटलं असतं."

"बायकासनी इतकं ताठ बोलू नही."

"हात वाकलाय, मामा. तेवढा पुरे."

पुष्पाबाई कोपऱ्यात सूप घेऊन दादर निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. सूप मात्र थोडा वेळ थांबले होते.

दुसऱ्या दिवशी चेतनच्या लुनावर मागे बसून चंचल पलसाण्याच्या पोलीस चौकीत गेली. चेतन कोणाच्या बाजूने आला होता हे त्याने सांगितले नाही. पण तिने डाव्या हाताने त्याचा खांदा धरला होता आणि तो सावकाश चालवत होता. जमादार पोक्त, मिशीला मेंदी लावणारा, थोडीफार मराठी समजणारा गुजराती माणूस होता. चंचलने एकच शब्द घोकून नेला होता.

"अकस्मात," ती म्हणाली. "आपघात नाही. अकस्मात. इथे, समोरच्या रस्त्यावर."

जमादाराने इस्पितळाचा कागद वाचला. "आमां तो दादर लख्युं छे."

"आमचं घर बैठं आहे. पत्र्याचं. तुम्ही दादर शोधून दाखवा. सापडला तर मी लिहून देते की मी खोटी आहे."

जमादाराने मिशीवरून हात फिरवला. चौकीत येणारे लोक सहसा साक्षीदार आणतात, शपथा आणतात, रडतात. आपले म्हणणे खोटे कसे ठरवायचे ते स्वतःहून सांगणारी बाई त्याने पाहिली नव्हती. "काले आवीश," तो म्हणाला.

जमादार येणार ही बातमी त्याच्या आधी डिंडोलीत पोचली. भूपेंद्र सकाळीच एक लाकडी शिडी घेऊन हजर झाला. पुढच्या खोलीत सामान ठेवायची एक फळी होती. शिडी तिला टेकवली. शिडीला ओल्या चुन्याचा वास येत होता आणि तिच्या पायऱ्यांवर कुठल्यातरी रंगाऱ्याच्या पावलांचे ठसे होते.

"मामी," तो पुष्पाबाईंना हळूच, पण चंचलला ऐकू येईल असे म्हणाला, "जमादार तुमले इचारी, दादर क्यां छे? तुमी फक्त आठे बोट दाखाडा. बाकी मी बोलस. ध्यानमा ऱ्हायनं ना?"

"ऱ्हायनं," पुष्पाबाई म्हणाल्या.

चंचलने सासूकडे पाहिले. एकीकडे सुनेचे मनगट, दुसरीकडे पोटच्या पोरीचे घर. या निवडीत तर्कशास्त्राला शिरायला जागाच नव्हती. तिने फक्त ठरवले की सासूने शिडीकडे बोट केले, तर आपण त्या शिडीवरच्या चुन्याबद्दल विचारायचे. मागे हटायचे नाही.

जमादार आला. खाटेवर बसला, पाणी प्याला, पत्र्याकडे पाहिले, शिडीकडे पाहिले. भूपेंद्र पुढे सरकला. जमादाराने त्याला हातानेच थांबवले आणि घरात सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईकडे वळला.

"माजी, जे दादर परथी वहु पडी, ए दादर क्यां छे?"

पुष्पाबाईंनी शिडीकडे पाहिले. मग जावयाकडे पाहिले. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, आत गेल्या आणि दोन्ही हातांनी सूप घेऊन बाहेर आल्या. सुपात पांढरी ज्वारी होती. ती त्यांनी जमादाराच्या पुढ्यात ठेवली.

"हाई दादर," त्या म्हणाल्या.

"मामी," भूपेंद्र दातांतून म्हणाला, "दादर म्हंजे शिडी."

"तुमना सुरतमा व्हई. आमना खानदेशमा दादर हाईच." त्या जमादाराकडे वळल्या आणि अहिराणीचा एक शब्दही न सोडता, सावकाश, पोराला समजवावे तसे सांगू लागल्या. "साहेब, मना घरमा दुसरी दादर नही. हाई दादर मोटारमा व्हती. मोटार ठोकाई, हाई पोतं तिना हातवर पडनं. मी दवाखानामा हाईच सांगं. तठला पोलीसले समजनं नही. ज्यासले समजनं त्या बोलनात नही."

भाईदासांनी खाली पाहिले.

जमादाराने सुपात हात घातला आणि चटकन काढून घेतला. बोटावर रक्ताचा बारीक ठिपका होता. त्याने दाणे बाजूला सारले. ज्वारीत काचेचे हिरवट, चौकोनी तुकडे होते, मोटारीच्या खिडकीची काच फुटते तेव्हा होतात तसले. पुष्पाबाईंनी आतून एक लोणच्याची बरणी आणून त्याच्या शेजारी ठेवली. ती तशाच तुकड्यांनी निम्मी भरली होती.

"रोज निवडस," त्या म्हणाल्या. "फेकाले गऊ नही. कोना पायमा जाई."

चंचल त्या बरणीकडे पाहत राहिली. तिने गॅरेज शोधले होते, रस्ता शोधला होता, साडी शोधली होती. ती रोज ज्या भाकऱ्या खात होती त्या भाकऱ्यांच्या पिठाशी पुरावा बसलेला होता, आणि तो शोधायला तिच्या शास्त्राला सुचले नव्हते. याची तिला लाज वाटली नाही. तिने तो तिथल्या तिथे मोजणीत धरला.

"साहेब, पोत्यालाही बघा," ती म्हणाली. "गोणपाटात काचा रुतलेल्या असतील. आणि ही शिडी कोणाची ते विचारा. तिचा चुना अजून ओला आहे."

जमादाराने शिडीला बोट लावले, बोट बघितले आणि भूपेंद्रकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारले, "लायसन्स छे?"

भूपेंद्र दाराकडे निघाला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "मामी, तुमी ठरावं. वर्षाले मी आजच आनी सोडस."

"आना," पुष्पाबाई म्हणाल्या. "आते भाकरी भरपूर शे. काच निंघी गई."

जमादाराने पहिल्यापासून जबाब लिहायला घेतला. चंचल त्याच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचून घेत होती. एका जागी त्याची लेखणी अडली. "शुं लखुं? आपघात के अकस्मात?" तो मिशीत हसत म्हणाला.

"अकस्मात," चंचल म्हणाली. "आणि दादर लिहाल तिथं जुवार असंही लिहा. नाहीतर कोर्टात पुन्हा जिना निघेल."

सही करायला तिने उजवा हात पुढे केला. मनगट वळेना, म्हणून तिने वही फिरवली, कोपर उचलले आणि सगळा खांदा वापरून नाव लिहिले. अक्षरे वाकडी आली. चेतन म्हणाला, "अंगठा दे ना, चालेल." तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो पोते धरायला उठला.

जमादार गेला तेव्हा बरणी, मूठभर दादर आणि गोणपाट त्याच्या पिशवीत होते. पुष्पाबाई पुन्हा सूप घेऊन बसल्या. चंचल त्यांच्याजवळ टेकली.

"आत्याबाई, दादर म्हणजे जिना, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माले काय माहीत, माय. मी अडानी बाई." दाणे सुपात उसळले, कोंडा उडाला. "गुजराती माले येस कुठे?"

इस्पितळातल्या परिचारिकेला विचारलेला प्रश्न चंचलला जसाच्या तसा आठवत होता. तिने तो उच्चारला नाही. डाव्या हाताने ती सुपातल्या काचा वेचू लागली आणि वेचलेला प्रत्येक तुकडा एका नव्या वाटीत ठेवत गेली.